मुलांवरील अत्याचाराची ऑनलाइन तक्रार : सभासदांसाठी सूचना

नमस्कार. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याची शंका आली, तर ग्रुपवर चर्चा नको. आधी पोलिसांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ऑनलाइन दिलेली माहितीही पोलीस घेतात, पण माहिती देणाऱ्याला तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ती सही करायची कृपया राहू देऊ नका. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकारी, गणवेशाशिवाय घेतात. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवता येत नाही.

अशा अत्याचाराचा व्हिडिओ आला तर ‘सावध करायला’ म्हणूनही फॉरवर्ड करू नका, तोही गुन्हाच आहे.

– सचिव