‘कामाचे हात असेच असतात’ हे मान्य नाही

महोदय,

सफाई कामगार, परिचारिका आणि फवारणी करणारे शेतमजूर यांच्या हातांना भेगा पडल्या की ‘कामाचे हात असेच असतात’ म्हणून विषय संपवला जातो. हे मला मुळीच मान्य नाही.

शरीरातले पाणी आत आणि रसायने बाहेर रोखणारा त्वचेचा वरचा थर बहुतेक ठिकाणी जेमतेम 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाडीचा असतो. मृत पेशी आणि त्यांना सांधणारे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले हे स्निग्ध पदार्थ, एवढाच तो बंदोबस्त. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, तर ब्लीच तीव्र अल्कधर्मी. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी जंतुनाशके जंतूंची आवरणे फोडतात, पण वारंवार लागली तर आपल्या पेशीही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. पुरळ उठण्याच्या कितीतरी आधी त्वचेतून पाणी निसटू लागलेले असते. अल्कोहोलचा सॅनिटायझर झोंबतो म्हणून अनेक जण पुन्हा पुन्हा साबणाने हात धुतात. खरे तर झोंबणे ही थर आधीच फाटल्याची खूण आहे आणि साबण उरलीसुरली स्निग्धताही धुऊन नेतो.

कीटकनाशकांबाबत मला याहून जास्त काळजी वाटते. फवारणी करताना बरेचसे औषध श्वासापेक्षा कातडीतून अंगात जाते, तेही अनेकदा जळजळ न होता. पॅराथिऑन या कीटकनाशकावरच्या जुन्या प्रयोगात ते कोपराखालच्या हातातून सुमारे 9 टक्के शोषले गेले, वृषणाच्या त्वचेतून मात्र जवळजवळ सगळे. ही निरोगी कातडीची गोष्ट. म्हणूनच औषधाने भिजलेली पँट दिवसभर अंगावर ठेवणे घातक आहे. सर्वांत जपायला हवे ते मूळ औषध पाण्यात मिसळताना, कारण अनेक औषधांतले द्रावक त्वचेची स्निग्धताच विरघळवतात. सकाळी जंतुनाशकाने गोठा धुऊन दुपारी फवारणीला जाणाऱ्याच्या हातावर दोन्ही आघात होतात. पहिले रसायन दुसऱ्याला वाट करून देते.

हातमोजे दिले की मालकाचे कर्तव्य संपत नाही. सुती मोजे औषध शोषून कातडीलाच चिकटवून ठेवतात. पातळ लॅटेक्समधून ग्लुटाराल्डिहाइड हे रुग्णालयातले जंतुनाशक आरपार जाऊ शकते, त्यासाठी नायट्राइल या कृत्रिम रबराचे मोजे हवेत. मोज्यांच्या आत घाम साचला तरी त्वचा सैल पडते, म्हणून ते कोरड्या हातांवर घालावेत आणि मधूनमधून बदलावेत. बिनवासाचे जाडसर मलम काम संपल्यावर लावायचे असते. ते चोळून फवारणीला जाणे म्हणजे संरक्षण नव्हे. तरीही मलम ही चैनीची वस्तू नाही, मोज्यांइतकेच कामाचे साधन आहे आणि ते मालकाच्या खर्चाने मिळायला हवे.

आणखी एक. पुरळ गेले तरी त्वचेचा अडसर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोवर कामगाराला मजुरी न कापता कोरडे काम द्यावे, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून द्यावे.

– एक वाचक