समविचारींचे गाव आणि माझे छप्पर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला समविचारी कार्यकर्त्यांच्या वसाहतीचा लेख वाचला. सोमवारी गप्प बसलो. बायको म्हणाली, लिहू नका, रक्तदाब वाढतो. पण लेखकमहाशयांनी वस्तीसाठी पेडणे तालुक्याचे नाव सुचवले आहे आणि माझे घर पेडण्यात आहे, म्हणून लिहितो.

त्यांचा हिशेब असा. गोवा लहान, मतदारसंघ चिमुकले, २०२२ ला सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. मग दोन-चारशे निष्ठावंत एका तालुक्यात येऊन राहिले, तर... पुढची टिंबे त्यांचीच. आधाराला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा दाखला, जिथे म्हणे वीस हजार स्वातंत्र्यवादी, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी असावा असे मानणारे, जाऊन राहिले. माझा भाचा बॉस्टनला असतो, न्यू हॅम्पशायर त्याच्या शेजारचेच राज्य. त्याला फोन केला. कल्पना २००१ ची, पंधरा लाख लोकसंख्येच्या आतली राज्ये विचारात घेऊन २००३ ला मतदानाने न्यू हॅम्पशायर निवडले, आणि २०१६ ला वीस हजारांचा आकडा पुरा झाला तो सह्यांचा. ‘आम्ही येऊ’ अशा सह्यांचा. सामानसुमान घेऊन खरोखर आले ते यातले थोडे. सही करणे आणि बिऱ्हाड हलवणे यात काय फरक असतो ते लेखकाने एखाद्या टेम्पोवाल्याला विचारावे.

त्याच राज्यातल्या क्रॉयडन गावाची गोष्ट मात्र लेखात नाही. वस्ती आठशेच्या आसपास. आमच्या ग्रामसभेसारखी त्यांची वार्षिक सभा असते. मार्च २०२२ च्या सभेत, याच चळवळीतून तिथे राहायला आलेल्या एका पंचाने शाळेचे बजेट सतरा लाख डॉलरवरून आठ लाखांवर आणायचा ठराव मांडला आणि तो २० विरुद्ध १४ मतांनी मंजूर झाला. गाव खडबडून जागे झाले. मे महिन्यात पुन्हा मतदान घेतले, तेव्हा ३७७ विरुद्ध २ मतांनी बजेट पूर्ववत झाले. म्हणजे घरी बसून राहिलेल्यांचीही चूक होतीच, ते मान्य. आमच्या ग्रामसभेतही कोरमसाठी डोकी मोजावी लागतात.

आता माझे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर आमच्या वाड्यावर भाड्याच्या घरांना भाव आला. वडिलांनी बांधलेले जुने घर रिकामेच होते. गेल्या वर्षी जानेवारीत सात जण आले. पुण्या-मुंबईचे, दोघे बेंगळुरूचे. ‘आम्ही समविचारी आहोत, एकत्र राहून काम करणार.’ मी म्हटले, चांगले आहे, दिवे-पंखे बंद करत जा. त्यांचा झेंडा कोणता हे लिहीत नाही. लिहिले तर बाकीच्या झेंड्यांचे लोक टाळ्या वाजवतील, आणि त्यांची धाव वेगळी नाही. दुसऱ्याच महिन्यात वीजबिलाची झेरॉक्स मागितली. कशाला? मतदारयादीत नाव घालायला. गावात विहीर कुठे आहे हे कळायच्या आधी वॉर्ड कितवा हे कळले होते.

पोरे वाईट नव्हती. एक मुलगी शेजारच्या दहावीतल्या मुलाला गणित शिकवायची, फुकट. पण त्यांचे सगळे सहमतीने चाले. रोज संध्याकाळी सोप्यावर बैठक. पसंती दाखवायची तर टाळी नाही, दोन्ही हात वर करून बोटे हलवायची. वाड्यावरच्या मुलांना वाटले, भजनाचा नवा प्रकार आहे.

मे महिन्यात मी सांगायला गेलो, की पावसाच्या आधी घर शाकारायला हवे. माकडांनी कौले फोडली आहेत, माझा नेहमीचा माणूस येईल, पैसे मी देईन, तुम्ही फक्त एक दिवस सामान बाजूला सरकवा. उत्तर आले, ‘बैठकीत ठेवतो.’ पहिल्या बैठकीत प्रश्न निघाला, रोजंदारीवर माणूस चढवणे हे शोषण नाही का? दुसरीत ठरले, आपणच चढू. एकाने मोबाइलवर कौले कशी बसवतात ते बघूनही ठेवले. तिसरीत एकाला उंचीची भीती असल्याचे निघाले, तेव्हा तात्पुरते प्लास्टिक टाकायचे का यावर चर्चा झाली. पण प्लास्टिक पर्यावरणात बसेना. अकरा दिवस गेले. बाराव्या रात्री पाऊस आला. तो बैठकीला नव्हता.

माजघरात माझ्या वडिलांची पत्र्याची पेटी होती. पन्हळ लागावी तशी धार बरोबर तिच्यावर. गंजलेल्या झाकणातून पाणी आत गेले.

वडील मालवण तालुक्यातले. १९६४ ला गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी शाळा काढल्या, तेव्हा मास्तर म्हणून आले. म्हणजे तेही बाहेरचेच, आणि तेही विचार घेऊनच आले होते, हे लपवत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे त्यांना मनापासून वाटे. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची हँडबिले त्या पेटीत होती, विलीनीकरणाची निशाणी असलेल्या फुलाचे चित्र छापलेली. आणि विरोधकांच्या निशाणीचे, दोन पानांच्या चित्राचेही एक. ते समोरच्या घरातल्या गृहस्थांनी त्यांच्या हातात ठेवले होते. दोघांचे पटत नसे, पण वडिलांना टायफॉइड झाला तेव्हा पेज त्याच घरातून यायची. कौल ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला. वडील दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. बदली मागितली नाही, समविचारी शोधत मालवणला परतले नाहीत. मरेपर्यंत गाव त्यांना मास्तर म्हणे आणि मला अजून ‘मास्तराचो झिल’ म्हणते.

मी सकाळी पेटी उघडली तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. फुलाची शाई दोन पानांवर उतरली होती. ओट्यावर वाळत घातले, पण जूनमध्ये काय वाळणार! बोट लावले की तुकडा निघे.

पोरांना खरेच वाईट वाटले. गणित शिकवणारी तर रडली. मग माफीचा मसुदाही बैठकीत मंजूर झाला आणि ज्याची पाळी होती त्याने तो मला उभ्याने वाचून दाखवला. मागे सहा जण बोटे हलवत होते. जुलैत सगळे गेले. दोघांचे बाकीच्या पाचांशी वैचारिक मतभेद झाले म्हणे. भिंतीवर काढलेली वळलेली मूठ मात्र आहे. चुन्याचे दोन हात मारले तरी खालून वर येते.

लेखकाने शेवटी या वसाहतवाल्यांना गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींच्या पंक्तीला बसवले आहे. सीमेवरची पत्रादेवी माझ्या घरापासून दूर नाही, दर वर्षी जातो. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले नि:शस्त्र लोक पोर्तुगीजांच्या गोळ्यांना सामोरे गेले, पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल तिथेच पडले. त्यांनी कुणाकडे वीजबिलाची झेरॉक्स मागितली नव्हती. उपमा देताना जरा हात आखडता घ्यावा ही नम्र विनंती. आणि लेखकाला यायचेच असेल तर खुशाल यावे. घर अजून रिकामे आहे, अनामत तीन महिन्यांची, आणि शाकारणीचा दिवस मी ठरवीन.

जाता जाता आणखी एक. गेल्या पावसाळ्यात मी आमच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, बांधाविषयी आपल्याला पत्र पाठवले होते. त्यात ‘मानशीची दारे कुजली आहेत’ असे होते. आपण छापले ‘माणसाची दारे कुजली आहेत’. खारे पाणी शेतात शिरले ते शिरलेच, वर बाजारात लोक मला विचारू लागले, आता अध्यात्माकडे वळलात काय! खुलासा पाठवला, तो छापला नाही. मानस म्हणजे खाडीचे पाणी अडवायची झडप, हे गोव्याच्या वर्तमानपत्राला सांगावे लागावे? रविवारची पुरवणीही आमच्याकडे सोमवारी पाववाल्या पोदेरबरोबर येते, त्याचेही बघावे.

या पत्रात ‘शाकारणी’ हा शब्द आहे. कृपया ‘शाकाहारी’ करू नये.

आपला,
मास्तराचा मुलगा,
पेडणे तालुका