‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ७०-२०० मिमी लेन्सचा ऑटोफोकस धावत्या विषयावर टिकत नसताना ती दुरुस्तीविना परत केल्याबाबत.

महोदय,

मी फलटणची. लग्नाचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय, आणि गेली नऊ वर्षं मी आषाढी वारीतली रिंगणं टिपते. तुमची एफ २.८ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, ही लेन्स सव्वा लाख मोजून मुख्यतः त्यासाठीच घेतली. मे महिन्यात एका वरातीत घोडीचे फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, यायला लागले म्हणून ती तुमच्या सेवा केंद्रात दिली. अठरा दिवसांनी परत आली, सोबत ‘तपासणी केली, दोष आढळला नाही’ असा कागद आणि कॅलिब्रेशनचं ३,४०० रुपयांचं बिल. वॉरंटी संपायला तेव्हा पाच महिने बाकी होते.

त्या कागदावर विश्वास ठेवून मी पुरंदवड्याला गेले. माउलींच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण तिथे होतं. पताकेकरी धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावल्या, मग स्वाराच्या अश्वामागे माउलींचा अश्व सुटला. मी २१४ फ्रेम घेतल्या. घोड्याचा डोळा शार्प आहे अशा ११. बाकीच्यांत मागे उभ्या वारकऱ्याच्या पताकेची शिवणसुद्धा मोजता येते, आणि घोडा मऊ.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, “मॅडम, शटर स्पीड वाढवा.” शटर स्पीड १/२५०० होता. हात हलला असता तर पताकाही पुसट आली असती. फोकस घोड्याच्या मागे राहतोय, हे फोटो पाहणाऱ्या कुणालाही कळेल. पण तुम्ही फोटो मागवलेच नाहीत.

तुमच्या अहवालाला जोडलेला फोटो भिंतीवरच्या तक्त्याचा आहे. तक्ता हलत नाही. त्यावर माझी लेन्स आजही बिनचूक चालते; माझी तक्रार त्याबद्दल नव्हतीच. २०० मिमीला, एफ २.८वर, दहा मीटर अंतरावर शार्प येणारी पट्टी जेमतेम ४० सेंटिमीटर खोल असते. ताशी ४० किलोमीटरने समोरून येणारा घोडा सेकंदाला ११ मीटर कापतो. सेकंदाला २० फ्रेम घेतल्या तरी दोन फ्रेममध्ये तो अर्ध्या मीटरहून जास्त पुढे आलेला असतो. लेन्सच्या मोटरने तेवढ्यात पुढची जागा गाठायला हवी. माझ्या लेन्सची मोटर ती गाठत नाही.

परतल्यावर मी मित्राची याच मॉडेलची लेन्स मागून घेतली. कॅमेऱ्याची बॉडी तीच, सेटिंग तेच, सरळ रस्त्यावर समोरून ४०च्या वेगाने बाइकवर येणारा माझा भाऊ. ६० फ्रेमपैकी मित्राच्या लेन्सवर ५२ शार्प, माझ्यावर ९. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा असंच. सगळ्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, संस्कार न केलेल्या) सोबत जोडल्या आहेत.

पुरंदवड्यानंतर खुडूसच्या रिंगणात मी ऑटोफोकसच बंद केला. रिंगणाच्या कडेला एका दगडावर फोकस बांधून ठेवला आणि घोडा तिथे येण्याची वाट पाहिली. सात फोटो मिळाले. टापांखालची माती कपाळाला लावायला वाकलेली माणसं नंतर निवांत टिपता आली, ती क्षणभर थांबतात. घोडा थांबत नाही. पुरंदवड्याचा तो फेरा वर्षभर मला परत मिळणार नाही, याचं वाईट पैशांपेक्षा जास्त वाटतं.

लेन्सची तपासणी माझ्यासमोर, हलत्या विषयावर करावी. बाइक आणि चालवणारा मी घेऊन येईन. मोटर वॉरंटीत बदलून द्यावी आणि ३,४०० रुपये परत करावेत. दुरुस्तीत जाणारे दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. तपासणाऱ्या तंत्रज्ञाचं म्हणणं लेखी हवं, फोनवर नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. तुळशीच्या लग्नानंतर माझा हंगाम सुरू होतो, त्याआधी लेन्स हातात हवी.

आपली,
एक ग्राहक, फलटण

सोबत: बिलाची व अहवालाची प्रत, रॉ फाइल