डोंगल नको, आईचा रिचार्ज करा

राजापूर,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘बरं बरं, जेवलीस का?’ म्हणतात आणि बोलणं तिथेच थांबतं. म्हणून पत्र लिहितेय. दोघांनी मिळून वाचा.

भाऊबीज करून इकडे आले, पिशवी रिकामी केली, तर चकलीच्या डब्याखाली पाकीट. पाचशेच्या सहा नोटा आणि वर बाबांच्या ठसठशीत अक्षरात ‘डोंगलसाठी’. डोंगल म्हणजे लॅपटॉपला लावायचं सिमवालं नेटचं यंत्र. ऑडिटच्या कामाला गेले असताना लॉजवर नेट अडलं आणि पतसंस्थेचा रिपोर्ट रखडला, हे मी दिवाळीत सांगितलं होतं, त्यावरूनच हे. मला भरून आलं. पण त्यानंतर आईला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजवर एकच टिक राहायला लागली. सुरुवातीला वाटलं, आई पाहुण्यांच्या गडबडीत असेल. आठ दिवस झाले तरी एकच टिक. शेवटी दादाला विचारलं, तेव्हा कळलं की आईच्या मोबाइलचा रिचार्ज संपलाय आणि ‘इतक्यात नको’ म्हणून तुम्ही तो केलेलाच नाही. माझं नेट चालावं म्हणून आईने स्वतःचं बंद ठेवलं! हे मला अजिबात चालणार नाही.

डोंगल म्हटलं की बाबांना काय आठवतं ते मला ठाऊक आहे. मी बी.कॉम.ला असताना तुम्ही ओव्हरटाइमच्या पैशांतून आणलेलं ते पांढरं डोंगल. घरात रेंज नव्हती. आईने ते लांब वायरला जोडून नाडीने खिडकीच्या गजाला बांधलं होतं. निळा दिवा लुकलुकायला लागला की आपण तिघंही बोलायचं थांबायचो. तेव्हा एक जीबीला अडीचशेच्या आसपास पडायचे आणि तो एक जीबी महिनाभर पुरवायचा. पान उघडलं की वाचण्याआधी नेट बंद करायचं, मग वाचायचं. मी त्याच डोंगलवर अभ्यास केला, तो उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि ते सगळं गणितच पालटलं. इतर कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. आता माझ्या सिमवर रोज २ जीबी मिळतो, २८ दिवसांचे ३४९ रुपये. बाबा, तुम्ही लगेच हिशोब कराल म्हणून मीच सांगते: २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. म्हणून मी ८४ दिवसांचा एकदमच करते, ८५९ ला. तीन वेळा सुटा केला असता तर १०४७ गेले असते.

हाच मोबाइल मी लॅपटॉपला जोडते. वेगळं यंत्र लागत नाही. मोबाइलमध्ये हॉटस्पॉट चालू केला की लॅपटॉपला घरच्या वाय-फायसारखं नेट मिळतं. मी तर चार्जरचीच वायर लावते, म्हणजे मोबाइल चार्जही होत राहतो आणि नेट मध्येच तुटत नाही. डोंगल घेतलं तर त्याला वेगळं सिम, वेगळा रिचार्ज. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तेही त्याच टॉवरवर चालणार. जिथे माझ्या मोबाइलला रेंज नाही, तिथे त्याच कंपनीचं डोंगल तरी काय करणार?

मग त्या दिवशी लॉजवर काय झालं, ते दिवाळीत मी अर्धवटच सांगितलं होतं. डेटा कमी पडला नव्हता. मोबाइलचं नेट घरच्या अमर्याद नेटसारखंच आहे असं धरून लॅपटॉपने मागच्या मागे भलंमोठं अपडेट उतरवलं, फोटोही वर चढवायला घेतले. सकाळी नऊच्या आत २ जीबी संपले. ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, साधं पान उघडत नाही. मग पतसंस्थेचा रिपोर्ट कुठून जाणार? आता मी लॅपटॉपमध्ये या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ अशी खूण केलीय, म्हणजे हे नेट मोजून मिळतंय एवढं त्याला कळतं आणि बरीचशी अपडेटं थांबतात. फोटोंचं आपोआप चढणं बंद केलंय. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवते, कारण चित्र चालू असलं की तासाभरात पाऊण-एक जीबी सहज जातो. एवढं केल्यापासून संध्याकाळी एक जीबीहून जास्तच शिल्लक असतो. माझं काम म्हणजे खतावण्या आणि आकड्यांचे तक्ते, त्याला डेटा लागतोच किती!

लॉजचं वाय-फाय फुकट असतं, पण ऑडिटसाठी मी ते वापरत नाही. त्या फायलींत लोकांच्या ठेवी असतात, कुणा म्हाताऱ्या बाईची आयुष्यभराची पुंजी असते. तो मजकूर परक्या नेटवरून पाठवायला माझं मन धजत नाही. मिरजेला गाडी बदलताना स्टेशनवरचं वाय-फाय मात्र घेते, पहिला अर्धा तास पैसे पडत नाहीत. त्यावर फक्त वर्तमानपत्र आणि गाण्यांची उतरवाउतरवी.

आता रेंजचं. राजापूर खोलगटात आहे, अर्जुना नदीच्या काठी. खोलीत दोन काड्या, गच्चीवर चार. दुसरं सिम मी बीएसएनएलचं ठेवलंय. सप्टेंबरअखेर त्यांचं देशी बनावटीचं फोरजी सुरू झालं, आणि पाचलच्या बाजूला पहिलं सिम हात टेकतं तेव्हा कधी कधी हे उपयोगी पडतं. अणुस्कुरा घाटात मात्र दोन्ही गप्प. बाबा, तुम्ही घाट चढायच्या आधी गाडी थांबवून टायर न् पाणी बघायचात ना, तशी मी घाटाआधी सगळ्या फायली पाठवून देते. मग एसटीत लॅपटॉप बंद करून खिडकीतून बघत बसते. तुम्ही या रस्त्याने गाडी नेलीय, हे दर वळणाला आठवतं.

तर पैशांचं असं. पाकिटातल्या पैशांतून कालच आईच्या नंबरवर ८४ दिवसांचा रिचार्ज केलाय, रोज दीड जीबीचा, ७९९ ला. उरलेले २२०१ मी येताना आणतेय, ते बाबांनी मुकाट्याने घ्यायचे. बाबांचा फोन बटणांचा, त्याला नेट लागत नाही, तरी आपण नेटसकट पॅक मारतोय. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावलेत. दुकानदाराला स्पष्ट सांगा, ‘बिननेटचा द्या.’ तो आपणहून काढून देणार नाही. बचत करायचीच असेल तर तिथे करा, आई मोबाइलवर कीर्तन ऐकते त्यात नको.

आणि आई, गुडघ्याचं तू मला सांगितलं नाहीस, तेही दादाकडूनच कळलं. रविवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल करते. मोबाइल देवघराच्या फळीवर उभा ठेव, तिथे उजेड चांगला येतो, आणि दोन पावलं चालून दाखव. हॉस्टेलवर होते तेव्हा तू पत्रातून माझा ताप विचारायचीस. आता मला बघता येतंय, तर बघू दे.

बाबांना नेहमीची गोळी रात्री जेवणानंतर, आधी नाही.

तुमची,
नीलू