दयाळाची ढोली छाटणीतून वाचवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे म्हणजे गव्हाला ऊन देऊन कोठ्या भरायचे दिवस. टोके होऊ नयेत म्हणून घरोघरी कडुलिंबाचा पाला घातला जातो, एरंडेलाचा हात फिरवला जातो. नेमक्या याच दिवसांत सोसायट्यांमध्ये पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी सुरू होते आणि दयाळ पक्ष्याची पिले ढोलीत असतात. या दोन जिवांबद्दल एकत्र लिहितो आहे, कारण दोघांचाही संसार भोकात मांडलेला असतो.

टोका, म्हणजे सोंडकिडा, जेमतेम तीन मिलिमीटरचा. भिंगातून पाहिले तर पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके दिसतात. मादी सोंडेने दाणा कोरते, आत अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवून टाकते. अळी आतच दाणा पोखरत वाढते, कोषही तिथेच होतो. म्हणून वरून धान्य स्वच्छ दिसते आणि महिन्याभराने डबा उघडावा तर दाणे पोकळ! एक मादी दोन-तीनशे अंडी सहज घालते. भोक तिचे तिला पाडता येते, आणि दाणे तर आपणच पोत्यांनी आणून ठेवतो.

दयाळाच्या चोचीला हे जमत नाही. झाडाची ढोली, भिंतीतली निखळलेल्या विटेची जागा, जे तयार मिळेल त्यात घरटे. अंडी चार-पाच. पहाटे अँटेनावर बसून, शेपटी उंचावून नर जे सुरेल गातो, ते मुख्यतः मार्च ते जुलै या विणीच्या काळात. बांगलादेशाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे. आपल्याकडे मात्र ‘वाळकी फांदी’ म्हणून त्याची ढोली पिलांसकट करवतीखाली जाते, याचे फार वाईट वाटते.

धोकादायक फांदी तोडावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. पण बाकीची छाटणी डिसेंबर-जानेवारीत का उरकू नये? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांची घरटी-अंडी नष्ट करण्यास मनाई आहे. तेव्हा महापालिकेच्या उद्यान विभागाने छाटणीची परवानगी देतानाच ‘आधी ढोल्या तपासाव्यात’ अशी अट लेखी घालावी. नव्या, गुळगुळीत भिंतींच्या सोसायट्यांनी लाकडी पेट्या टांगाव्यात; दयाळ त्यांतही घरटे करतो.

– एक वाचक, पुणे