अभिवृत्ती मापिका करताना पाठीशी उभ्या राहिलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच. पण तिथल्या एका वाक्यानं माझं समाधान झालं नाही. शिवाय तुम्ही मला जे शिकवलंत ते सर्वेक्षणासाठी मापिका तयार करणाऱ्या इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलाला मराठी माध्यमात घालायचं की इंग्रजी, याविषयी पालकांना काय वाटतं ते, म्हणजे त्यांची अभिवृत्ती, मोजणारी मापिका (विधानांची प्रश्नावली) मला करायची होती. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय, म्हणजे लिकर्टनं १९३२ साली मांडलेली पद्धत. आमच्याकडे बरेच जण विश्लेषण बाहेरून करून घेतात. तक्ते येतात आणि तसेच प्रबंधात जातात. तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत लॅपटॉप मिटायला सांगितलंत आणि सगळी विधानं मला मोठ्यानं वाचायला लावलीत.

‘मराठीतून शिकलं की मुलाला गणित लवकर समजतं’ आणि ‘गणित मराठीतून शिकवलं तर मुलाला चांगलं कळतं’ ही दोन विधानं वाचून झाल्यावर तुम्ही मला थांबवलंत. एकच गोष्ट दोनदा विचारली की माणूस दोन्हीकडे तेच उत्तर देणार. मग क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, वर चढतो, मापिका विश्वसनीय दिसू लागते, आणि घटक विश्लेषणात, म्हणजे एकत्र चालणाऱ्या उत्तरांमागचे सामाईक घटक शोधताना, ती जोडी आपला वेगळाच घटक थाटून बसते. सहसंबंधांच्या तक्त्यात नेमकं कुठं बोट ठेवायचं ते तुम्ही दाखवलंत: फार जवळच्या जोड्या, आणि शून्याला टेकलेला डिटरमिनंट (विधानं एकमेकांची नक्कल करू लागली की शून्याकडे जाणारा, त्या तक्त्यावरून काढलेला आकडा). जोडीतलं कोणतं विधान ठेवायचं हा निर्णय मात्र तुम्ही आकड्यांवर सोडला नाहीत. दोन्ही विधानं काही आयांना वाचून दाखव आणि कोणतं पुन्हा न विचारता समजतं ते बघ, असं म्हणालात. मला तुमची ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

उत्तरं घटक विश्लेषणाला योग्य आहेत का ते तपासणारे केएमओ आणि बार्टलेटचे आकडे ठीक आले की बहुतेकांचा जीव भांड्यात पडतो. तुमचं खरं काम तिथून सुरू झालं. एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता बटण दाबलं तर ‘आयगेन व्हॅल्यू एकपेक्षा जास्त’ या नियमानं (आयगेन व्हॅल्यू म्हणजे एका घटकानं उत्तरांतला किती फरक पकडला त्याचं माप) घटक निवडले जातात आणि ते अनेकदा गरजेपेक्षा जास्त निघतात. म्हणून तुम्ही हॉर्नचं १९६५ सालचं समांतर विश्लेषण करायला लावलंत; त्यात यादृच्छिक आकड्यांतून निघतात त्यापेक्षा मोठे घटकच ठेवतात. एक घटक तेवढ्यानंही हटला नाही. त्याची लोडिंग (विधानांशी असलेलं नातं) भरघोस होती, नाव काय द्यायचं एवढंच सुचत नव्हतं. तुम्ही त्यातली विधानं एकाखाली एक लिहिलीत आणि प्रत्येकातल्या ‘नाही’वर गोल केलात. नोकरी, अभ्यास, नातेवाईक काय म्हणतील, असे सगळे विषय त्यात होते. फक्त वाक्यं नकारार्थी होती. ‘नाही’च्या विधानाशी ‘असहमत’ व्हायचं म्हणजे काय, यात पालक अडखळत होते आणि ती अडखळच घटक होऊन समोर आली होती. असा घटक अभिवृत्ती म्हणून छापला जाऊ नये याची तुम्हाला जी कळकळ होती, ती मी विसरणार नाही.

घटकांचा अर्थ नीट लागावा म्हणून त्यांना फिरवणंही तुम्ही असंच समजावलंत. व्हेरिमॅक्स हे फिरवणं घटकांना एकमेकांशी काटकोनात, म्हणजे परस्परांशी संबंध नसलेले, धरतं. पण मुलाच्या नोकरीची काळजी आणि चारचौघांतला मान या गोष्टी आईबापांच्या मनात अशा सुट्या असतात का? म्हणून घटकांना एकमेकांशी जोडलेलं राहू देणारं प्रोमॅक्स आपण घेतलं.

पण घटक एकमेकांशी जोडलेले आहेत हे मान्य केलं की पुढं प्रतिगमनात, म्हणजे कोणत्या घटकाचा किती परिणाम ते काढताना, बहुसंरेखता (घटक एकमेकांत गुंतल्यानं वेगळे न काढता येणं) दारात उभीच. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडलेलं गणित मी जपून ठेवलं आहे. दोन मापिकांचा सहसंबंध ०.९ असेल तर त्याचा वर्ग ०.८१; एकातून वजा करून उरले ०.१९, एकाला त्यानं भागलं की व्हीआयएफ, म्हणजे या गुंत्याचं माप, ५.२६. म्हणजे गुणकाची (परिणामाच्या आकड्याची) प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, सुमारे २.३ पट. अशा वेळी ‘मानापेक्षा नोकरीची काळजी महत्त्वाची’ असं विधान करायला आधारच राहत नाही, कारण दोन्हींचा वाटा वेगळा काढण्याइतकी माहिती त्या उत्तरांमध्ये नसते. व्हीआयएफ दहाच्या आत आहे ना, मग चालेल, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या दोन मापिका खरंच दोन आहेत का, हे विचारणाऱ्या तुम्हीच मला भेटलात.

हे सगळं तुम्ही तुमचे तास सांभाळून केलंत. मी तुमची विद्यार्थिनी नव्हते, तुमच्या विभागातलीही नव्हते. तरी माझा एकही फोन तुम्ही टाळला नाहीत. मनापासून आभार, मॅडम.

ज्या उत्तरांतून घटक शोधले त्याच उत्तरांवर ते सिद्ध करायचे नाहीत, हे तुमचं म्हणणं पाळते आहे. सापडलेले घटक नव्या उत्तरांवर तपासणाऱ्या पुष्टीकारक विश्लेषणासाठी येत्या सत्रात नव्या पालकांकडे जाणार आहे. सुधारलेली प्रश्नावली तुम्हाला पाठवली आहे. गणिताचं आता एकच विधान ठेवलं आहे, आयांनी निवडलेलं. सवडीनं नजरेखालून घाला.

आपली नम्र,
एक संशोधक विद्यार्थिनी