विवाहनोंदींचे घोडे कुठे अडले? ब्रिटनच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय गृहमंत्री,
युनायटेड किंगडम सरकार, लंडन

सविनय नमस्कार.

इंग्लंड आणि वेल्समधल्या जन्म, मृत्यू व विवाहाच्या नोंदी सांभाळणारे जनरल रजिस्टर ऑफिस आपल्या खात्याखाली येते, म्हणून हे पत्र आपल्याला. 2023 साली या कार्यालयाने शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी आणि 1837 ते 1887 या काळातल्या मृत्युनोंदी स्कॅन करून ऑनलाइन द्यायला सुरुवात केली. तीन पौंडांच्या आत-बाहेर पैसे भरले की नोंद पडद्यावर. उत्तम काम झाले. विवाहनोंदी मात्र त्यात नाहीत. त्यांच्यासाठी कागदी दाखलाच मागवावा लागतो आणि एप्रिल 2024 पासून त्याला साडेबारा पौंड पडतात.

कुलवृत्तांताचे काम करणाऱ्याला विवाहनोंद सर्वांत मोलाची, कारण तिच्यात वधू आणि वर दोघांच्याही वडिलांची नावे व धंदे असतात. (आयांची नावे यायला मे 2021 उजाडावे लागले, तो वेगळा विषय.) एका नोंदीवरून दोन घराणी एक पिढी मागे नेता येतात.

समुद्रकाठच्या गावात तर या नोंदीवाचून पान हलत नाही. ब्रायटनचेच पाहा. मासेमारीचे हे गाव अठराव्या शतकात समुद्रस्नानामुळे नावारूपाला आले. 1841 मध्ये लंडनची रेल्वे आली आणि मग मोलकरणी, घोडागाडीवाले, खाणावळवाले, रेल्वे कारखान्यातले फिटर असे चहूकडचे लोक इथे येऊन राहिले. गावात आडनाव सापडले म्हणजे माणूस गावचाच, असे इथे धरून चालत नाही. हवापालटाला आलेला लंडनकर इथेच वारला, तर त्याचा मृत्यू ब्रायटनलाच नोंदला जातो आणि लंडनला शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट शेजारच्या होव्हमधला जन्म व्हिक्टोरियन काळात ब्रायटनखाली नव्हे, स्टेनिंग या नोंदणी-जिल्ह्याखाली मिळतो. जनगणनेचाही भरवसा नाही. 1921 ची गणना संपामुळे एप्रिलऐवजी 19 जूनला झाली, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावांत सुट्टीला आलेले पाहुणेही मोजले गेले. 1931 ची कागदपत्रे 1942 च्या आगीत गेली, 1941 ला गणनाच झाली नाही आणि 1951 ची 2052 पर्यंत उघडणार नाही.

आता विवाहसूचीकडे, म्हणजे कोणाची नोंद कुठे आहे हे सांगणाऱ्या नावांच्या यादीकडे, येऊ. मार्च 1912 च्या तिमाहीपासून सूचीत जोडीदाराचे आडनाव छापलेले असते. त्याआधी फक्त नाव, जिल्हा, खंड आणि पान. ब्रायटनसाठी 1852 पासून खंड '2बी'. एका पान-क्रमांकावर बहुधा चारपर्यंत लग्ने असतात, म्हणजे चार वर आणि चार वधू. कोणाचे कोणाशी लागले, हे सूची सांगत नाही. त्यात विल्यम स्मिथसारखे नाव असले की एकाच दशकात पाच-सहा उमेदवार उभे राहतात आणि प्रत्येकाची खात्री करायला साडेबारा पौंडांची पदरमोड. चुकीचा दाखला आला तरी पैसे गेलेच.

चर्चमधली मूळ विवाहपुस्तके ब्रायटनजवळच्या फाल्मरमधल्या 'द कीप' या अभिलेखागारात पाहता येतात, हे खरे. पण रजिस्ट्रारच्या कचेरीत लागलेली लग्ने त्यांत नसतात. शिवाय दाखल्यावर भिस्त ठेवतानाही जपावे लागते. आपल्या कार्यालयाकडे आहे ती दर तिमाहीला हाताने उतरवून पाठवलेली नक्कल. तिच्यात सह्या मूळ नसतात आणि आडनावे चुकलेली सापडतात. वयाच्या जागी नुसते 'फुल' (सज्ञान) असेल तर अर्थ एवढाच की व्यक्ती 21 किंवा त्याहून अधिक वयाची आहे. दोघांचा पत्ता एकच दिसला तर ती लग्नापुरती दाखवलेली खोलीही असू शकते.

आम्हा मराठी अभ्यासकांचा यात संबंध काय? पुणे आणि खडकीच्या छावणीत ज्यांची लग्ने लागली, त्यांच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याच्या) दप्तरातल्या एन/3 या मुंबई इलाख्याच्या मालिकेत आहेत. तिथे वराच्या बापाचे नाव मिळते. त्या बापाचे स्वतःचे लग्न इंग्लंडातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या गावी लागले असेल, तर पुढचा धागा आपल्या सूचीत अडकतो.

विवाहनोंदी का अडल्या, याचे कारण आम्हाला ठाऊक आहे. 2005 मध्ये सुरू झालेला स्कॅनिंगचा प्रकल्प 1934 पर्यंतचे जन्म आणि 1957 पर्यंतचे मृत्यू एवढेच उरकून थांबला, विवाहांची पाळी आलीच नाही. म्हणून सगळे एकदम करा असा हट्ट नाही. आधी 1837 ते 1911 च्या विवाहनोंदी घ्या, कारण जोडीदाराचे नाव नसलेला काळ तोच. स्कॅन होईपर्यंत निदान या वर्षांच्या सूचीत जोडीदाराचे नाव जोडा. दर ठरवताना स्कॉटलंडकडे पाहा. तिथे 75 वर्षांपूर्वीच्या विवाहनोंदीची प्रतिमा घरबसल्या दीड पौंडात मिळते. दाखल्याखेरीज अन्य रूपात नोंदी देण्याची वाट 2015 च्या डीरेग्युलेशन ॲक्टने मोकळी केलीच आहे.

कळावे,
आपले,
स्थानिक व कुलेतिहासाचे मराठी अभ्यासक